लय सोडायची नाही

जयेशदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डहाणू स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते. सरकारी रुग्णालयात हृदयाचा डॉक्टर द्या, अशी मागणी होती. मजकूर मीच लिहिला होता. फोनवर मनीषावहिनी, त्याची बायको, एवढंच म्हणाली, "गेले ग. गाडीतच गेले." इथल्या डॉक्टरांनी सांगितलं गुजरातेत न्या, तिथल्यांनी सांगितलं जागा नाही, पुढे न्या... आणि त्या पुढच्या रस्त्यावर सगळं संपलं. याला लोक नशीब म्हणतात. मी म्हणणार नाही. आईवडील चळवळीतले, पत्रकांच्या घरात वाढलेय मी. ज्याला कारण असतं त्याला नशीब म्हणायचं नाही, एवढं त्या घरानं शिकवलं.

दादा उधव्याचा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. रेल्वेतून निवृत्त झालेले विलासकाका कैनाडच्या घरी बेस गिटार वाजवत बसायचे आणि मी त्यांच्याकडे ड्रम वाजवायला जायचे. एकदा शेजारच्या लग्नात वाजवून झाल्यावर दादा पाणी मागायला आला. काकांनी जॅझची जुनी कॅसेट लावली होती. लाल डगल्यातला दादा दारातच थांबला. "काका, हा वाजवणारा वरात सोडून भलतीकडेच गेला की!" मग खाली बसला. "पण बघा, परत आला, बरोबर जागेवर... पुन्हा लावा." त्या दिवसापासून आम्ही तिघं झालो.

समुद्राकाठच्या एका रिसॉर्टवर आम्ही वाजवू लागलो. पाहुणे जेवत असायचे, मॅनेजर आवाज कमी करा म्हणून खुणा करायचा. दादा तिथे हसायचा, परतताना मात्र त्याचं एकच असायचं. "एकदा गावात वाजवायचंय," म्हणायचा. "गावानं मला फक्त नवरदेवाच्या पुढे चालताना बघितलंय. एकदा माझं ऐकू दे."

मग त्याला दम लागू लागला. हृदयाची झडप बिघडली होती. ऑपरेशनची तारीख पुढे पुढे जात राहिली आणि डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलं. नेमकं तेव्हाच उधव्याच्या क्रिकेट स्पर्धेचं बोलावणं आलं: बक्षीस समारंभाआधी थोडा वेळ वाजवा. वहिनी रडली, भांडली, शेवटी म्हणाली, "वाजवा बाबा. नाहीतर जन्मभर तोंड पाडून बसाल माझ्यासमोर." मी तरी नकोच म्हणत होते. दादा उखडला. "तुझ्या पत्रकात काय लिहितेस? उपकार नको, हक्क द्या. मग माझ्यावर दया कशाला? मी मध्येच थांबलो तरी तू लय सोडायची नाही. तुम्ही चालू राहिलात तरच मला परत येता येईल."

मैदानात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आम्ही चढलो. पोरं ओरडली, "ओ बँडवाले, वरातीचं वाजवा!" "नवरा आणा आधी!" दादानं ठणकावलं. मैदान हसलं, आणि त्यानं क्लॅरिनेट ओठांना लावली. सुरुवात वरातीच्याच सुरांनी केली, मग ते हळूच मोडत, वळवत ओळखीच्या वाटेवरून बाजूला निघाला. वहिनी अगदी पुढे बसली होती. तिची नजर त्याच्या बोटांवर नव्हती, छातीवर होती.

...आणि सूर तुटला. दादा ट्रॉलीच्या कडेला टेकला, तोंड उघडं, ओठ काळेनिळे. विलासकाकांचा हात मंदावला. दादानं मान वर करून असं काही पाहिलं की काका दचकून लयीत आले. मी वाजवत राहिले. आवर्तन संपलं, दुसरं सुरू झालं. "अरे, पाणी द्या त्याला!" कुणीतरी ओरडलं. माझे हात चालू होते आणि डोक्यात एकच होतं: मी याला मारतेय का? तिसऱ्या आवर्तनाला, बरोबर जागेवर, तो उठला आणि आत आला. सूर बारीक होता, फाटका होता, पण त्याचा होता. शेजारच्या म्हातारीनं वहिनीला विचारलं, "हे कोणाच्या लग्नातलं ग?"

"कोणाच्या नाही," वहिनी म्हणाली. "ह्यांचं आहे."

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत तो गेला. ऑपरेशनची तारीख तोवरही आली नव्हती. "फुंकलं म्हणून गेला," असं लोक मला ऐकवतात. मी मानत नाही. या दारातून त्या दारात फिरवला म्हणून तो गेला. पण हे ठामपणे सांगतानाही मनात येतंच: त्या दिवशी मी लय सोडली असती तर?... मला लिहिता येणाऱ्या कुठल्याच पत्रकात याचं उत्तर नाही.

परवा उधव्याला गेले. त्यांच्या एवढ्याशा खोलीत तांदळाचं पिंप, शिलाई मशीन, अंथरुणं सगळं एकमेकांना खेटून ठेवलेलं, आणि एक कोपरा मात्र मोकळा. दादा तिथे भिंतीकडे तोंड करून रियाज करायचा. आपलाच सूर उलटून कानावर येतो म्हणायचा. मी म्हटलं, "वहिनी, मशीन तिकडे सरकव ना, तुला वावरायला होईल."

"नको ग. ह्यांना उभं राहायला जागा लागते."

ती चहा टाकायला उठली. मी त्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. श्वास घेतला. तो पूर्ण आला, पार पोटापर्यंत, काही न करता. त्याचाच मला राग आला.