बोटभर ओरखडा

"तो ओरखडा होता तसा राहू दिला असता तर काय बिघडलं असतं?"

हा प्रश्न व्हेर्ना टॅकेटने मला कुंपणापलीकडून विचारला. तेव्हा तिच्या हातात नवऱ्याच्या जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाची फाडलेली बाही होती आणि ती बाही काळीकुट्ट झालेली होती. ओरखडा मी पाहिला होता. माझ्या करंगळीपेक्षा तो लांब नव्हता.

व्हेर्नाचा नवरा एमिट हा माझा शेजारी. वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या खोऱ्यात त्याने उमेदीची सगळी वर्षे शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर पायी चालतानाही वळण आले की त्याची मान आपोआप उजवीकडच्या आरशाच्या जागी वळत असे. त्याचा धाकटा भाऊ डॉर्सी खाणीत वीजतंत्री होता आणि डोंगरापलीकडे राहत होता. दोघांचे भांडण नव्हते. बोलणेही फारसे नव्हते. वडील ओकी टॅकेट वारले तेव्हा घर थोरल्याला आणि डोंगरावरची जमीन धाकट्याला मिळाली. उरले ते वडिलांचे स्टेनलेस स्टीलचे रिव्हॉल्व्हर. त्याचे दोन भाग होण्यासारखे नव्हते आणि ते विकण्याचे दोघांपैकी कुणाच्या मनातही आले नाही. म्हणून एक वर्ष एकाकडे, एक वर्ष दुसऱ्याकडे, असे ठरले.

देवघेव नोव्हेंबरात, नरहरणांच्या शिकारीचा मोसम उघडण्याच्या आदल्या रविवारी, डॉर्सीच्या जमिनीवरच्या पत्र्याच्या कॅम्पवर, म्हणजे शिकारीच्या खोपटात, होई. 'जसं घेतलं तसं परत' हा ओकीचा नियम होता. मुले लहान असताना तो त्यांना कुऱ्हाडसुद्धा याच अटीवर देत असे. घेणारा भाऊ वडिलांच्या करड्या लोकरी मोज्यातून रिव्हॉल्व्हर बाहेर काढी, गोळ्यांचे चक्र उघडून ते रिकामे आहे हे पाही, नळीत विजेरीचा उजेड टाकी आणि शेवटी डोळे मिटून अंगठा सर्वांगावरून फिरवी. दोष सापडला तर देणाऱ्याची पुढची पाळी जाई आणि रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याकडेच एक वर्ष जास्त राही.

हा दंड एकदाच झाला होता, आणि तो एमिटनेच केला होता. २००३ साली डॉर्सीकडून घेताना त्याने मुठीचे लाकडी तुकडे उतरवून पाहिले. आत घामाने धरलेला, चहाच्या थेंबाएवढा गंज होता. स्टेनलेसला गंज चढत नाही असे सगळेच धरून चालतात. डॉर्सीनेही धरले होते. एमिटने जागच्या जागी त्याची पाळी कापली. पुढच्या नोव्हेंबरात डॉर्सी कॅम्पवर आला नाही. पाठ धरली आहे, असा निरोप आला. देण्याघेण्यासारखे काहीच नसल्याने एमिट शेगडीपुढे नुसता बसून राहिला, आणि ते सबंध वर्ष भाऊ एकमेकांना भेटले नाहीत.

२०११ च्या सप्टेंबरात एमिट नेम तपासायला जुन्या दगडखाणीकडे गेला. परत निघताना रिकामे केलेले रिव्हॉल्व्हर त्याने पिकअपच्या मागच्या फळीवर ठेवले, फळी कलली आणि ते खडीवर पडले. नळीच्या डाव्या अंगाला, कारखान्याने उठवलेल्या अक्षरांच्या खाली, ओरखडा उमटला.

अशा रिव्हॉल्व्हरचे स्टील मुळात चकचकीत नसते. त्यावर एकाच दिशेने ओढलेल्या अतिबारीक रेषा असतात आणि त्यांच्यामुळे त्याला मंद करडी झाक येते. एमिटने मुठीचे तुकडे काढले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि ओरखडा आधी पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने, मग धातू उजळवण्याचे मलम फ्लॅनेलच्या बाहीवर घेऊन घासला. ओरखडा गेल्यासारखा दिसला. त्या जागी मात्र आरशाचा एक तुकडा तयार झाला. जुन्या कोटाला नव्या कापडाचे ठिगळ लावावे तसा तो दुरून ओळखू येई. तेव्हा त्याने सगळी नळी घासली. मग नळीच्या मानाने मागचा सांगाडा मळका दिसू लागला. सांगाड्यानंतर चक्र आले. थांबण्याची जागा प्रत्येक वेळी एक पायरी पुढेच राहिली.

या काळात टॅकेटांकडे जेवण मांडीवर ताटे घेऊन होत असे. व्हेर्नाने त्याला ऐकवले, की तिच्या आईच्या चांदीच्या चमच्यांना लग्नापासून त्याने एकदाही फडके लावलेले नाही. एमिट म्हणाला, चमचे तपासायला डॉर्सी येत नाही. हे तो विनोदाने म्हणाला नव्हता. अक्षरांच्या कडा बोटाला लागेनाशा झाल्या, तेव्हा तो थांबला.

त्या रविवारी मी नेहमीप्रमाणे बीन्स आणि हरणाच्या मांसाचे तिखट कालवण घेऊन कॅम्पवर गेलो होतो. जेवणे झाली. डॉर्सीने मोजा घेतला, रिव्हॉल्व्हर बाहेर काढले आणि ते हातभर लांब धरले. खिडकीचा चौकोनी उजेड त्यावर जसाच्या तसा उमटला होता.

"एमिट, हे घेऊन कुणाच्या लग्नाला गेला होतास?"

एमिट ताटे गोळा करू लागला, तसा डॉर्सी पुढे म्हणाला,

"हरणं रांग लावतील उद्या. भांग पाडायला."

त्याने चक्र उघडले, विजेरीचा उजेड टाकला, डोळे मिटले. अंगठा नळीवरून सरकत अक्षरांपाशी आला, पुढे गेला, पुन्हा मागे आला. त्याने डोळे उघडले आणि नळी उजेडात तिरपी धरली. करड्या स्टीलवर जे लपून गेले असते, ते आरशात लपत नाही. ओरखड्याचा तळ घासण्याने गेलेला नव्हता. केसासारखी रेघ स्वच्छ दिसत होती.

"कुठं पाडलंस?"

"दगडखाणीपाशी. फळीवरून."

"केवढा होता?"

एमिटने करंगळी दाखवली.

"आणि त्यासाठी बाबांचं सबंध रिव्हॉल्व्हर सोलून काढलंस?"

"पाळी गेली असती माझी."

"गेली असती. माझीही गेली होती."

"त्या वर्षी तू आला नाहीस, डॉर्सी. देणंघेणं नसलं की आपण येत नाही."

डॉर्सी मोरीपाशी गेला, माझे भांडे घासायला ठेवलेली हिरवी घासणी उचलली, ती धुऊन पिळली आणि तिच्यावर तेलाचे दोन थेंब टाकले. मग खिडकीपाशी बसून त्याने डावी बाजू घासायला घेतली. हात मागून पुढे जाई आणि उचलून पुन्हा मागे येई. उलटा एकदाही फिरला नाही. एमिट खुर्ची ओढून जवळ बसला. हळूहळू त्या बाजूवर बारीक रेषा उतरल्या आणि करडा रंग परतला. अक्षरे मात्र पुसटच राहिली.

बाहेर अंधारू लागले तसे डॉर्सीने रिव्हॉल्व्हर पुसून मोज्यात सरकवले.

"उजवी बाजू तुझी. पुढच्या नोव्हेंबरात हे तुझ्याकडे येईल तेव्हा कर. परत घेताना मी बघीन."

"आणि दंड?"

"आधी उजवी बाजू होऊ दे."

एमिटने ती बाजू कधीच केली नाही. त्याने परत देण्याच्या प्रत्येक रविवारी डॉर्सी रिव्हॉल्व्हर उलटे करून पाही, आळशी म्हणून भावाचा उद्धार करी आणि दंडाचा निर्णय पुढच्या वेळेवर टाकी. एमिट सांगे, घासणी संपली होती. ती व्हेर्ना घाऊक दुकानातून गठ्ठ्याने आणते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

एमिट टॅकेट २०१९ च्या फेब्रुवारीत वारला. त्या नोव्हेंबरात रिव्हॉल्व्हर कॅम्पवर व्हेर्ना घेऊन आली, आणि तेव्हापासून ते एक वर्षाआड तिच्याकडे असते.