मालवणच्या गाडीतला डबा

कोल्हापूरच्या स्टँडवर मी वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे काचेच्या खोलीत बसायचं, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते कर्ण्यावरून ओरडून सांगायचं आणि ती वेळेवर हलवायची. 'गगनबावडा, वैभववाडी, कणकवलीमार्गे मालवण' हे शब्द तर तोंडात इतके बसले होते की मी झोपेतही ते बडबडतो, अशी बायकोची तक्रार होती. पण जन्मभर लोकांना मालवणला धाडणारा मी स्वतः त्या गाडीत कधी बसलो नव्हतो. बसायची वेळ आली ती नव्वदचं दशक सरता सरता, एका दिवाळीनंतर, आणि तीही समुद्र बघण्यासाठी नव्हे.

आमची एकुलती एक सुजाता त्या पावसाळ्यात मालवणच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाली. माझी नोकरी एसटी महामंडळाची; खरी सरकारी अशी आमच्या घरातली ही पहिलीच. तेव्हापासून शांता, म्हणजे माझी बायको, दर पंधरवड्याला स्टीलचा डबा भरून कांदा-लसणाची चटणी माझ्या हातात द्यायची. मी तो मालवणच्या ड्रायव्हरकडे सोपवायचो, सुजाता तिकडे स्टँडवर येऊन घ्यायची, आणि रिकामा डबा परतीच्या गाडीनं यायचा. ड्रायव्हर बदलले, डबा चुकला नाही. चुकला तो फक्त दिवाळीच्या आसपास. शांता भावजयीच्या बाळंतपणाला शिरोळला गेली होती आणि मी खानावळीत जेवत होतो. डबा भरायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग एका रविवारी शेजाऱ्यांकडे सुजाताचा फोन आला. "आण्णा, हितलं जेवण मला जमंना झालंय," एवढं म्हणाली आणि लाइन तुटली. पुन्हा काही फोन आला नाही. मी निरोप धाडला तशी शांता शिरोळहून परत आली, डबा गच्च भरला, फडक्यात बांधला आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "पोरीचं तोंड बघा. उतरल्यालं दिसलं तर सरळ घिऊन या. नोकरी गेली तर गेली."

पहिल्या वर्षात नोकरी सोडली की ती पुन्हा मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. शांतालाही ठाऊक होतं.

गाडीत मला खिडकीची जागा मिळाली, पण बसवेना. कळे गावाच्या पुढे ऊस भरलेल्या बैलगाड्यांनी रस्ता अडवला, तर मी उठून ड्रायव्हरला हॉर्न द्यायला सांगू लागलो. कंडक्टर मला ओळखत होता. तो म्हणाला, "सायेब, आज तुम्ही पावणं हायसा. बसा की निवांत." निवांत बसणं माझ्या पत्रिकेत नाही. गगनबावड्याला गाडी चहाला थांबली तेव्हा सगळे भजी खात होते आणि मी गाडीभोवती फेऱ्या मारत होतो. हवा गार होती, भजी गरम होती, इतरांना त्याचा आनंद होता.

करूळचा घाट मात्र बघावा असा आहे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला झाडांनी भरलेली दरी, आणि वळणावळणाला आपल्याकडची काळी माती मागे पडून लाल माती सुरू होते. खाली उतरल्यावर घाम फुटला. घरांना चिऱ्यांच्या (तांबड्या जांभ्या दगडाच्या) भिंती, अंगणात सुपारी, माडाच्या सावल्या. शेजारचा म्हातारा पेंगत माझ्या खांद्यावर पडत होता. मी डबा सांभाळत, शांतानं सांगितलेलं 'तोंड' कसं ओळखायचं याचा विचार करत होतो. आमच्या सुजाताचं तोंड मुळातच लहान.

आदल्या दिवशीच्या ड्रायव्हरकडे मी निरोप धाडला होता, त्यामुळे मालवणच्या स्टँडवर ती उभी होती. वाळली होती का? मला खरंच सांगता येईना. पाया पडली आणि मी काही विचारायच्या आत माझी पिशवी घेऊन चालायला लागली. "आधी जेवा. भूक लागली आसंल. मग काय ते बोलू."

बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यात एक घरगुती खानावळ होती. तिथं सुजातानं असा रुबाबात हुकूम सोडला की मालक माझ्याकडे कौतुकानं बघू लागला. सुरमईची तळलेली तुकडी आली. वरून रव्याचं कुरकुरीत कवच, आत पांढरं, मऊ मांस. तिसऱ्या (शिंपल्यांतलं मांस) ओल्या नारळात परतलेल्या होत्या, त्या शिंपल्यासकटच ताटात येतात आणि बोटांनी उघडून खायच्या असतात. आणि सोलकढी. कोकमाची आंबट सोलं नारळाच्या दुधात, फिकट गुलाबी रंग. आपल्याकडच्या माणसाला ती पहिल्या घोटाला औषध वाटते आणि तिसऱ्या घोटाला वाटी पुढे करावीशी वाटते. मी दोनदा वाटी पुढे केली.

मटण खाणाऱ्या माणसाला हाड दिसतं, माशाचा काटा दिसत नाही. घाईघाईत तो घशात गेला. माझे डोळे पांढरे झाले. सुजातानं शांतपणे सुक्या भाताचा गोळा केला. "चावू नका. तसाच गिळा. हितं सगळी असंच करत्यात." तिसऱ्या गोळ्याला काटा खाली गेला. शेजारच्या टेबलावरचे लोक हसले, मालकही हसला, मीही हसलो.

घसा मोकळा झाल्यावर माझी नजर तिच्या ताटाकडे गेली. भात आणि सोलकढी संपली होती. सुरमईची तुकडी भाताच्या उरलेल्या शितांखाली झाकून ठेवली होती, लहानपणी कारल्याची भाजी झाकायची तशी. ती बोलत होती. दवाखान्यातल्या बाळंतिणींबद्दल, बांगड्याच्या भावाबद्दल, काल पकडलेल्या कुठल्याशा मोठ्या माशाबद्दल. तिला जेवणावर बोलायला वेळच द्यायचा नव्हता.

संध्याकाळी बंदरावर गेलो. समोर पाण्यात किल्ला, अंधारत आलेलं आकाश, किनाऱ्याला लागलेल्या होड्या. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होतो आणि माझं लक्ष समुद्राकडे नव्हतं. तिनं मला मालवणी खाजा घेऊन दिला, बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर आल्याच्या चवीचा गुळाचा पाक. स्वतः खाजा मात्र तिनं आवडीनं खाल्ला. मी मनात तेवढंच लिहून घेतलं. फोनबद्दल विचारायचं जिभेवर येत होतं आणि मी भरती कधी, ओहोटी कधी, असलं काहीतरी विचारत होतो. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी ही जुनी खोड.

ती एका काकींच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होती. काकी एकट्याच. सत्तरीच्या, नऊवारीतल्या, आवाज खणखणीत. मला ओसरीवर बसवून त्या म्हणाल्या, "येवा, बसा. तुमचा चेडू (मुलगी) कालपासून तुमची वाट बघता." सुजाता हातपाय धुवायला आत गेली तशा त्या माझ्याजवळ सरकल्या. "ता काय खाता, माका विचारा. मी तांदळाची भाकरी दितंय, नि वर तुमची ती लाल चटणी. माशाक हात लावणा नाय. चटणी संपली तेव्हा पेज (पातळ मऊ भात) नि मीठ खाल्ल्यान. दवाखान्यात चक्कर येवन पडला. तुमका सांगूक नको म्हणाला."

मी उठलो. सुजाताच्या खोलीत गेलो. भिंतीवर बुद्धाचं चित्र, दोरीवर गणवेश, आणि फळीवर गेल्या खेपेचा, परत न पाठवलेला आमचा डबा, आतून बोटानं पुसून घेतल्यासारखा स्वच्छ. म्हणजे मी दर पंधरवड्याला ड्रायव्हरच्या हातात जे देत होतो, त्यावर माझी पोरगी जगत होती. ते थांबलं तेव्हा तिचा फोन आला. मला खूप वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो.

"चल घरी," मी म्हणालो. "उद्याच्या गाडीनं."

ती ओल्या हातांनी दारात उभी होती. "का?"

"का म्हणून काय इचारतीस? चक्कर आलती न्हवं?"

"आलती. म्हणून मी नोकरी सोडू?" आमच्याकडे घरात आवाज चढला की गल्लीला ऐकू जातं, इथं काकींच्या माडापर्यंत गेला असणार. "बायका नवरा सोडून येत्यात, सासर सोडून येत्यात. मी बांगड्याला भिऊन आलो, असं सांगू व्हय लोकांना?" (आमच्या भागात बायकाही 'आलो, गेलो' असंच बोलतात.)

"मग फोन कशाला केलतास?"

तिनं हात पुसले. मग हळू म्हणाली, "त्या दिवशी लई आठवण आलती, आण्णा."

त्या रात्री आम्ही दोघांनीही शांताची चटणी आणि काकींची भाकरी खाल्ली. एवढ्या लांब येऊन मी माझ्या घरचंच जेवलो, आणि खरं सांगायचं तर ते मला फार गोड लागलं.

सकाळी काकींनी घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि गूळ घातलेला नारळाचा रस दिला. ते आपल्याकडच्या कुणालाही आवडेल. मालवणला गेलात तर ते चुकवू नका. सुजातानंही पोटभर खाल्ले. सुट्टीचा दिवस होता. माझी गाडी दुपारची. आता ती माझ्याबरोबर येणार की नाही, हे ना मी पुन्हा विचारत होतो, ना ती सांगत होती. मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. काकी म्हणाल्या, "बसा हो, जमीन झिजात." मी बसलो आणि लगेच उठलो.

दुपारी काकींनी बांगड्याचं तिखलं केलं. लालभडक, जाडसर रस्सा, आत कोकम आणि तिरफळं (एक रानफळ, वास उग्र, दाताखाली आलं तर जीभ बधिर होते). आम्हा दोघांच्या ताटात एकेक अख्खा बांगडा. मी एक घास घेतला. वेगळं होतं, चांगलं होतं, पण माझ्या जिभेला काहीतरी कमी वाटलं. मग माझ्या हातानं जे केलं ते कोल्हापूरचा कुठलाही माणूस कुठल्याही गावात करतो. शेजारचा डबा उघडला आणि चिमूटभर चटणी रश्शावर भुरभुरली.

काकींनी माझं ताट ओढून घेतलं.

"ह्या काय केल्यात? माझ्या तिखल्यात तुमचा तिखट घातल्यात? आता माशाची चव खंय रवली (कुठे राहिली)?"

मी जन्मात इतका ओशाळलो नव्हतो. पण सुजाता माझ्याकडे बघत नव्हती. ती डब्याकडे बघत होती. तिचाही हात त्याच डब्याकडे निघाला होता आणि अर्ध्या वाटेत थांबला होता. तिनं डब्याचं झाकण लावलं, दाबून बसवलं, आत जाऊन डबा माझ्या पिशवीत ठेवला आणि परत येऊन पाटावर बसली.

"हे घिऊन जावा, आण्णा. ह्यो हितं ऱ्हायला तर मी दुसरं कायबी खायची न्हाय."

"आई काय म्हणंल?"

"आईला म्हणावं, आता पाठवू नको."

काकी तिच्या बाजूला बसल्या. "काटो आदी शोधू नको. वरसून मांस सोडव. मदलो काटो आपसूक सुटता. घाय करू नको." सुजातानं पाठीवरून बोट फिरवलं, मांस सुटलं, काटा दिसला. पहिला घास तिनं डोळे मिटून घेतला. उमासा आला, तो तिनं पाण्याबरोबर गिळला. दुसरा घास. तिसरा. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तिरफळामुळे की कशामुळे, मी विचारलं नाही. मीही काकींनी पुन्हा वाढलेला बांगडा तसाच, चटणीविना खाल्ला. तिला अर्धाच जमला. उरलेला अर्धा काकींनी मांजरीला घातला आणि म्हणाल्या, "होयत (होईल). उद्या पुना."

स्टँडवर ती मला सोडायला आली. शांताची अट मला आठवत होती. मी पोरीचं तोंड नीट बघितलं. उतरलेलं होतं. तरी मी एकटाच गाडीत चढलो. कणकवली येईपर्यंत मला वाटत होतं की उतरावं आणि मागच्या गाडीनं परत जावं. वैभववाडीला कुणी काय विचारलं, घाटात काय दिसलं, काही आठवत नाही. मांडीवर डबा जवळजवळ तसाच भरलेला होता, आणि येताना वाटला त्यापेक्षा जड वाटत होता.

घरी शांतानं आधी माझ्या मागे दाराकडे बघितलं. मग पिशवी उघडली.

"परत दिला?"

"व्हय."

"मग खाती काय ती?"

मी सगळं सांगितलं. तिखलं, काटा, अर्धा बांगडा. तिनं ऐकलं, डबा उचलून फडताळात सगळ्यात वर ठेवला आणि आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. स्वयंपाक करायची, पण त्या डब्याला हात लावायची नाही. आमच्या भाजीला दुसऱ्या बरणीतली चटणी. स्टँडवर मालवणचा ड्रायव्हर विचारायचा, "सायेब, आज डबा न्हाय?" मी मान हलवून गाडी सोडायचो.

रविवारी फोन आला. मी शांताच्या शेजारी उभा होतो. तिनं फक्त एकच विचारलं, "काय जेवलीस?" पलीकडून उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. शांतानं परत विचारलं, "अख्खा?" मग तिनं फोन "बरं" म्हणून ठेवला.

त्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा तिनं फडताळातला तो डबा खाली काढला. झाकण घट्ट बसलं होतं, ते मला उघडायला दिलं. मग माझ्या ताटात चटणी वाढली, स्वतःच्या ताटात वाढली, मध्ये खड्डा करून तेल घातलं. पहिला घास घेतला आणि पदरानं डोळे पुसले.

"औंदा जरा जास्तच तिखट झालीया," ती म्हणाली.

चटणी दरवर्षीसारखीच होती. मी म्हणालो, "व्हय, झालीया खरी."