शिशाशिवायची गोळी

परवा रविवारी चार महिन्यांनी रायफल हातात घेतली. रेंजवर नाही... सुरतच्या उधन्यातल्या एका शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये. तिथे जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

लग्न होऊन मी चाळीसगावहून सुरतला आले. नवरा मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन, म्हणजे वर्षातला बराच काळ समुद्रावर. गोडादऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माणसं खूप, पण दुपारी पॅसेजमध्ये बायका गुजरातीत इतक्या भराभर बोलायच्या की मी नुसती हसून घरात यायचे. साड्यांना स्टोन चिकटवायचं काम घरी घेतलं होतं. ते करताना टीव्ही लावून ठेवायचा... बघायला नाही, आवाजासाठी.

एकदा उधन्यात एका बंद पडलेल्या लूमच्या शेडवर एअर रायफल क्लबचा बोर्ड दिसला. सहज आत गेले. तिथे शिकवणारे बोरसे सर रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे पारोळ्याचे. मी चाळीसगावची म्हटल्यावर एकदम अहिराणीत म्हणाले, "मंग कशी शे बेटा?" सुरतमध्ये मला 'कशी आहेस' असं कुणी विचारलंच नव्हतं.

मग जातच राहिले. दहा मीटरवरचा तो काळा ठिपका, रोखलेला श्वास, ट्रिगरवरचं बोट... तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही नसायचं. जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरायचंही ठरलं होतं.

आणि दिवस राहिले. आनंद झालाच. पण रायफलचं ऐकल्यावर डॉक्टरबेनने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. एअर रायफलच्या गोळ्या शिशाच्या. ते हाताला लागतं, गोळी आपटते तिथे त्याची धूळ होते, आणि आईच्या रक्तातून ते बाळापर्यंत पोचतं. "रेंज बंद," त्या म्हणाल्या.

सरांना फोन करून कारण सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग "बरं केलं सांगितलंस, जप तब्येतीला" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर रेंजवरून कुणाचाच फोन आला नाही. ग्रुपवर बाकीच्यांच्या टार्गेटचे फोटो यायचे, ते बघायचे आणि पुन्हा स्टोन चिकटवायला बसायचे.

नवऱ्याचा फोन जहाज बंदराला लागलं की. आईकडे वहिनीचं बाळंतपण आधीच सुरू, तिला तरी कुठे बोलवू... एका संध्याकाळी बाळ पहिल्यांदा हललं. मी हातातली साडी बाजूला ठेवली, उठले, दारापर्यंत गेले. आणि कडीला हात लावून तशीच उभी राहिले. दार उघडून सांगणार कुणाला?

आणि गेल्या शुक्रवारी अचानक सरांचा फोन. "रविवारी शाळेत ये. शिसं नाही, कथलाची गोळी मिळालीये. रायफल नवी आहे, तिच्यातून शिशाची एकही गोळी गेलेली नाही. आधी डॉक्टरांना विचार, ते हो म्हणाले तरच."

विचारलं. बसून आणि थोडाच वेळ, एवढ्यावर परवानगी मिळाली.

हॉलमध्ये शाळेच्या शिपायाने बाक भिंतीला सरकवून सगळं मांडून ठेवलेलं. मध्ये एक खुर्ची, पुढे टेबल, टेबलावर रायफल टेकवायला वाळूची पिशवी. पलीकडे गोळ्या झेलायला कोरी करकरीत पत्र्याची पेटी आणि तिच्यावर टार्गेट. सर मात्र माझ्या मागच्या दाराबाहेर, उन्हात उभे.

म्हटलं, "सर, आत या ना."

"नको. रेंजवरून आलोय. हातपाय धुतले, शर्ट बदलला, तरी नको. तू मार."

पहिली गोळी सुटली. कथील हलकं, त्यामुळे आवाजही वेगळाच, कोरडा. गोळी लागली पार वर. दुसरीही वर, तिसरी भलतीकडेच... हात विसरले की काय, असं वाटून डोळे भरून आले.

"हात चांगलाच शे तुझा," सर बाहेरून म्हणाले. "कथील शिशापेक्षा कडक, नळीत तेवढं घट्ट बसत नाही. नेमाची साइट खाली घे. पुढेमागे सगळ्यांनाच हे नव्यानं शिकावं लागणार आहे."

बाहेरच्या देशांत शिकारी लोकही तांब्याच्या गोळ्या, पोलादी छर्रे वापरायला लागलेत म्हणे. शिशाचे छर्रे तळ्यात पडतात, बदकं खडे समजून गिळतात आणि मरतात. सर हे सगळं दारातून सांगत होते, मी साइट फिरवत होते.

मग त्याच आवाजात म्हणाले, "तुझा फोन आला ना, त्यानंतर मीपण रक्त तपासलं. शिसं निघालं. भरपूर."

मी वळून बघितलं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी रेंजवरच्या गोळ्यांच्या पेट्या उपसणारे, शेड झाडणारे तेच.

"डॉक्टर म्हणे, आता रेंजवर जायचंच नाही. आज शेवटचं, किल्ली देऊन आलो. तू सांगितलं नसतंस तर मला कळलंच नसतं. फोन करायचं मनात होतं, पण काय बोलू... घरी तरी कोण आहे ऐकायला? बायको जाऊन झाली वर्षं. आता टीव्ही बघायचा."

 मी पुढची गोळी भरली. ही काळ्यात गेली. अगदी मध्यावर नाही, पण काळ्यात. टार्गेट काढून आणलं आणि दारापासून जरा लांब उभी राहून उंच धरलं. त्यांनी चष्मा लावून, मान पुढे काढून बराच वेळ पाहिलं.

"बरं शे," म्हणाले. "पुढच्या रविवारी परत ये. मीपण येतो. तोवर शिशाची धूळ नसेल अंगावर, आत बसेन."

घरी आले, कुलूप काढलं. नवऱ्याला मेसेज टाकला, गेला नाही, जहाज कुठेतरी मधे असणार. घर तसंच होतं... शांत.

एवढे दिवस वाटत होतं की सगळे माझ्यापासून लांब गेलेत. जपण्यासाठीही कुणी लांब उभं राहतं, हे त्या उन्हातल्या माणसाने दाखवलं. थँक्यू सर. रविवारी तुमच्यासाठी खुर्ची मीच मांडून ठेवते.