मास्तरांनी उघडी ठेवलेली नोंद

मास्तरांना 'बहुतेक' हा शब्द चालत नसे. आमच्या कंपनीत ते टेस्टर होते. कंपनीत लिहिल्या जाणाऱ्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे त्यांचं काम. चूक सापडली की तिची नोंद करायची आणि त्या नोंदीत तीनच गोष्टी लिहायच्या: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. त्यांच्या हाताखालच्या एखाद्याने चौथी ओळ लिहिली, 'बहुतेक अमुक कारणामुळे असं होत असावं', की नोंद परत. "कारण तुला कोणी विचारलंय?" ते म्हणत. "दिसलं तेवढं लिही. कारण शोधायला लागलास की दिसलेलं विसरशील."

त्यांच्या हाताखाली मी चार वर्षं काढली आणि हे वाक्य निदान शंभरदा ऐकलं. तरीही मी जे केलं ते केलं. हा लेख त्याबद्दल आहे. मास्तरांच्या आठवणींनी गहिवरून यायचं असेल तर तसं एक लेखन मी पूर्वी केलेलं आहे, आणि तेच वाचून लोकांनी डोळे पुसले होते.

मी अकोल्याचा. हिंजवडीत पहिल्या इमारती उठत होत्या तेव्हा पुण्यात आलो. मास्तर मला शेवटपर्यंत 'वऱ्हाडी' म्हणत. त्यांना मास्तर म्हणत कारण कंपनीत येण्याआधी ते शनिवार पेठेत संगणकाचा क्लास चालवत. एका दुकानावरच्या दोन खोल्या, चार संगणक, एका संगणकाला सहा मुलं. त्या काळी संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायची पद्धत होती. मास्तर सांगत, "लहानपणी वडील विहाराच्या दारात चपला काढायला लावायचे, मोठेपणी मी क्लासच्या दारात लावल्या." वडील कारखान्यात कामगार. त्यांनी तरुणपणीच दीक्षा घेतली होती आणि मुलांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, शिका आणि खोटं बोलू नका. मास्तरांनी दोन्ही गोष्टी नको तितक्या मनावर घेतल्या.

क्लासची जागा सुनंदाताई आणि वसंतराव या जोडप्याची. ताई मास्तरांच्या बरोबरीने शिकवत, वसंतराव पालकांशी बोलत. मागच्याच खोल्यांत त्यांचा संसार. घरोघरी संगणक आले आणि क्लास बंद पडला. मास्तर नोकरीला लागले, पण त्यांचा रविवार त्या घरीच राहिला. सकाळी दहाला जायचे. मोठ्या विळीवर भाजी चिरून द्यायचे, वसंतरावांबरोबर पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे, जेवून बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपायचे, चहा घेऊन परत. त्यांचा एक निळा टॉवेल त्या घरी दोरीवर कायम असे. मी दोनदा त्यांच्याबरोबर तिथे जेवलो. दुसऱ्यांदा वसंतराव मला म्हणाले होते, "मास्तर आले नाहीत तर आमची आडवी ओळ अडते हो."

मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. कंपनीत त्यांच्याबद्दल तीन तर्क होते. एक, ते 'त्या कामाचे' नाहीत. दोन, त्यांना पुरुष आवडतात. तीन, कुणीतरी त्यांना फसवलं. पहिले दोन चहाच्या मशीनपाशी हसण्यासाठी होते, तिसरा त्यांच्याविषयी चांगलं बोलायचं असेल तेव्हा. माणसं शिकलेली होती, अमेरिकेला जाऊन आलेली होती. पण पंचेचाळिशीचा धडधाकट पुरुष एकटा आणि मजेत आहे, हे त्यांच्यातल्या एकालाही सहन होत नव्हतं. आमचे एक साहेब तर त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले, "मग चीवरच घेऊन टाका ना मास्तर, तुमच्यात सोय आहे." 'तुमच्यात' या शब्दावर कुणी काही बोललं नाही. मीही नाही. मास्तर शांतपणे म्हणाले, "भिक्खू सोडतो, साहेब. माझ्याकडे सोडायला काही असायला तर पाहिजे."

त्या दिवशी संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी मला सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. बहुधा साहेबांना जे पुरतं सांगता आलं नाही ते कुणाला तरी सांगायचं असावं. (हे 'बहुधा' त्यांनी खोडलं असतं.) ते म्हणाले, "मला तसं कुणाबद्दलच वाटत नाही. बाईबद्दल नाही, पुरुषाबद्दल नाही, कधीच नाही. कॉलेजात वाटायचं, बाकीचे नाटक करतात. मग कळलं की त्यांना खरंच होतं काहीतरी. आई डॉक्टरकडे घेऊन गेली, त्याने पुड्या दिल्या. शरीर ठीक आहे, वऱ्हाडी. मनही ठीक आहे. मला माणसं लागतात. रविवार लागतो. ते एवढं लागत नाही." बस औंधाच्या सिग्नलला उभी होती. मी म्हणालो, "पण कुणीतरी असेलच ना मास्तर, कधीतरी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. स्वच्छ मराठीत सांगितलं गेलं होतं. मी ऐकलं आणि विश्वास ठेवला नाही, कारण माझ्या डोक्यात त्यासाठी जागा नव्हती. आणि पुढच्याच दिवाळीत आमच्या मराठी मंडळाने कंपनीचा दिवाळी अंक काढायचं आणि त्यासाठी लेखस्पर्धा घ्यायचं ठरवलं. मी थोडंफार लिहितो हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी मास्तरांवर लिहिलं.

नाव बदललं. बाकी काही बदललं नाही. विळी, शब्दकोडं, सतरंजी, दोरीवरचा निळा टॉवेल, सगळं जसंच्या तसं. तपशील टिपायला मास्तरांनीच शिकवलं होतं. फक्त चौथी ओळ माझी. माझ्या लेखातला माणूस दर रविवारी त्या घरी जातो कारण त्या घरातली बाई एकेकाळी त्याची होणार होती. तो तिच्या हातचं जेवतो, तिच्या नवऱ्याशी कोडं सोडवतो आणि तिच्या गॅलरीतल्या दोरीवर त्याचं सगळं आयुष्य वाळत घातलेलं असतं. हे वाक्य मला फार आवडलं होतं. परीक्षकांनाही आवडलं. पहिलं बक्षीस मिळालं. चहाच्या मशीनपाशी हसणारे आता मास्तरांशी हळू आवाजात बोलू लागले. मला वाटलं, मी त्यांची चेष्टा थांबवली. खरंच वाटलं तसं. हे लिहिताना स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटते.

हसणारे निदान लांबून हसत होते. मी आत जेवून आलो होतो.

अंकाची एक प्रत मीच शनिवार पेठेत नेऊन दिली, पेढ्यांसकट. वसंतरावांच्या धाकट्या भावाने ती वाचली, मग त्याच्या बायकोने, मग ताईंच्या माहेरी. निळा टॉवेल त्या दोरीवर सगळ्यांनी पाहिलेला होता. वसंतरावांना काडीचा संशय नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पण घरात ताईंच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि तिच्या होणाऱ्या सासरीही अंक पोचला. दोन रविवारांनंतर वसंतराव दारातच म्हणाले, "मास्तर, लोक बोलतायत हो. थोडे दिवस नका येऊ." मास्तरांनी विचारलं नाही की थोडे म्हणजे किती. ताईंनी टॉवेल घडी करून पिशवीत घालून दिला.

हे मला मास्तरांनी नाही, नंतर वसंतरावांनीच सांगितलं. मास्तरांनी माझ्या टेबलावर फक्त अंक ठेवला. माझ्या लेखाच्या समासात पेन्सिलने लिहिलं होतं:

'दिसलं: माणूस रविवारी मित्रांकडे जेवायला जातो. लिहायला हवं होतं: माणूस रविवारी मित्रांकडे जेवायला जातो. लिहिलं: माणूस झुरतो. गंभीरता: एक नंबर. स्थिती: उघडी.' गंभीरता आणि स्थिती हे प्रत्येक नोंदीखालचे ठरलेले रकाने; चूक दुरुस्त होईपर्यंत नोंद उघडी.

मी त्यांच्या जागेवर गेलो आणि माफी मागितली. त्यांनी मान वर केली नाही. "माफीचं मी काय करू? दुरुस्त कर."

"कसं करू, मास्तर?"

"छापलंस तसं."

मी छापलं नाही. कारणं होती. मंडळाने पुढच्या वर्षी अंक काढला नाही. मला दुसऱ्या कंपनीत जागा मिळाली. शिवाय 'मी खोटं लिहिलं' असं छापायचं म्हणजे बक्षिसाचं काय, असंही मनात आलं, हे सांगून टाकतो. वाघोलीला फ्लॅट घेतला तेव्हा बक्षिसाचं स्मृतिचिन्ह मी दिवाणखान्यात ठेवलं. बरीच वर्षं ते तिथेच होतं आणि पाहुणे त्याबद्दल विचारत.

मधे एकदा मास्तर भेटले. एका परिचिताच्या मुलाच्या रिसेप्शनला, जेवणाच्या रांगेत. केस पांढरे झाले होते. स्वतःहून म्हणाले, "तुझ्या माहितीसाठी सांगतो. माझ्यासारख्यांना शब्द आहे. ऑफिसातल्या एका मुलीने इंटरनेटवर दाखवला. जगभर आहेत म्हणे माणसं. मराठीत अलैंगिक." आणि ताटात कोशिंबीर वाढून घेत पुढे म्हणाले, "हा शब्द आपण शाळेत अमिबासाठी पाठ केला होता. पण अमिबाचेसुद्धा दोन होतात रे. मी आपला एकच." मी हसलो. ते हसले नाहीत. "त्या मुलीने एकदा ऐकलं आणि 'बरं' म्हणाली. एवढंच म्हणायचं असतं, वऱ्हाडी. बरं." मग ताट घेऊन ते दुसऱ्या टेबलाकडे गेले. रविवारी कुठे जेवता, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

गेल्या वर्षी मास्तर गेले. झोपेत, एकटेच. भावाने येरवड्याच्या विहारात शोकसभा ठेवली. वंदना झाली, मग बोलणं सुरू झालं. चीवर घ्या म्हणणारे ते आमचे साहेब, आता निवृत्त, उठले आणि खिशातून एक झेरॉक्स काढली. माझा लेख होता. "मास्तरांचं दुःख ज्यांना कळलं होतं असे एक लेखक इथे हजर आहेत," असं म्हणून त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. दोरी, टॉवेल, वाळत घातलेलं आयुष्य. बायका रडल्या. मास्तरांचा भाऊ मान हलवत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते सांगतो: त्याला हायसं वाटत होतं. भावाचा प्रेमभंग झाला होता, हे चार लोकांत सांगता येत होतं. जो माणूस आयुष्यभर जे जसं होतं तसं सांगत आला त्याचं कोणी ऐकलं नाही, आणि मी एका बैठकीत जे रचलं ते त्याच्या फोटोसमोर वाचलं गेलं. वडिलांनी खोटं बोलू नका म्हणून शिकवलेल्या माणसाला खोट्याचा हार घालून निरोप दिला.

मी उठून बोलायला हवं होतं. मी उठलो नाही. पुन्हा.

बाहेर चपलांपाशी सुनंदाताई उभ्या होत्या. वसंतराव दोन वर्षांपूर्वीच गेले. त्या अठरा वर्षांनी मला पाहत होत्या, तरी त्यांनी लगेच ओळखलं. चप्पल पायात सरकवत म्हणाल्या, "छान लिहिता हो तुम्ही. आमच्या घरातलं माणूस नेलंत." मी काहीतरी पुटपुटलो, की ताई, माझ्या मनात तसं नव्हतं. "तुमच्या मनात काय होतं ते तुमच्यापाशी ठेवा," त्या म्हणाल्या. "त्यांच्या मनात काय नव्हतं, ते त्यांनी आम्हाला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. यांनाही, मलाही. आम्ही म्हटलं, बरं. आणि भाजी चिरायला दिली."

तर हे छापतो आहे. मास्तर कुणावर झुरत नव्हते. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. ते आजारी नव्हते, विरक्त नव्हते, अपुरे नव्हते. रविवारी ते मित्रांकडे जेवायला जात आणि ते जेवण मी बंद पाडलं.

आमच्या कामात एक नियम होता, तोही मास्तरांचाच. ज्याने चूक केली त्याने ती दुरुस्त करायची, पण नोंद बंद करायचा अधिकार त्याला नाही. ज्याने चूक पकडली त्याने पुन्हा तपासायचं आणि पटलं तरच बंद करायचं. तो अंक आता माझ्या टेबलावर आहे. पेन्सिल थोडी पुसट झाली आहे, पण शेवटचा शब्द अजून वाचता येतो. मी त्याला हात लावलेला नाही.