फवारणीची वर्दी

इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात शेतीच्या औषधांचं दुकान चालवणाऱ्या तात्यांमुळं मी आज या धंद्यात टिकून आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना माझी घाई होते आणि नेमकं तेच राहून जातं. तात्या किडे मारायची औषधं विकतात आणि मी मधमाश्या पाळतो. आमचं दोघांचं कसं जमलं, हे मला आईला फोनवर अजून नीट समजावता आलेलं नाही.

माझं गाव आंबोली घाटाच्या खाली. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. मामाबरोबर जंगलात पोळी शोधत हिंडायची गोडी लागली होती. पुढं पेट्या केल्या. कुणीतरी सांगितलं की इंदापूरकडं माघ-फाल्गुनात खरबूज, कलिंगड, डाळिंब एकदम फुलतं आणि शेतकरी माश्यांच्या पेट्या भाड्यानं घेतात. माशी फिरली नाही तर खरबुजाचं फूल तसंच गळतं, फळ धरत नाही. मी चाळीस पेट्या टेम्पोत घातल्या आणि आलो.

इथं सगळे मला ‘पाव्हणं’ म्हणायचे. आमच्याकडं पाहुणा म्हणजे चार दिवसांनी जाणारा. मला वाटायचं, हे लोक मला रोज तेवढीच आठवण करून देतायत.

पहिल्या हंगामात एका आबांच्या खरबुजात बारा पेट्या ठेवल्या. आबा माणूस चोख. सकाळी फवारायचं नाही म्हटल्यावर त्यांनी पंपच घरात नेऊन ठेवला. मी पेट्यांच्या स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. पाणी रोज बदलायचो. गिऱ्हाईक सांभाळलं की धंदा सांभाळला, एवढंच मला माहीत होतं. नवव्या दिवशी दहाच्या सुमाराला गेलो तर पेट्यांपुढं माश्यांचा सडा. सोंडा बाहेर आलेल्या, काही अजून जागच्या जागी गरगर फिरत होत्या. आबांच्या बांधापलीकडं डाळिंबाची बाग फुलली होती, आणि त्या बागेत भल्या सकाळी फवारा झाला होता.

“मी त्यांना भेटून येतो,” मी म्हणालो.

“त्यो माझा भाऊ हाय,” आबा म्हणाले. “सात वर्सं आमी एकमेकांच्या दारात गेलेलो न्हाय. त्याच्याशी बोलायचं असंल तर आधी पेट्या उचला.”

बारापैकी अकरा पेट्या गेल्या. मी तसाच उठून तात्यांच्या दुकानात गेलो, कारण बावड्यात त्या औषधाची बाटली दुसरीकडून येणारच नव्हती. भांडायला गेलो होतो, पण काउंटरपुढं उभं राहून एवढंच विचारलं, आबांच्या भावाच्या डाळिंबाला औषध कुणी दिलं.

“औषध मीच दिलं,” तात्या म्हणाले. “फुलकिड्याचं. का?”

“माझ्या माश्या मेल्या.”

त्यांनी चष्मा काढला. “तुमच्या पेट्या कुठं हायत, ते तुमी मला सांगितलं हुतं व्हय?”

नव्हतं सांगितलं. मी त्या दुकानावरून रोज जायचो, पण आत पाय ठेवायचो नाही. विष विकणाऱ्याशी आपला काय संबंध, असा माझा हिशेब.

“पाव्हणं, नीट ऐका,” ते म्हणाले. “फळ धरलं तर आबा पुढचा डोस न्यायला माझ्याकडंच येणार. न्हाय धरलं तर वेल उपटून मोकळा हुणार. मग मी काय, हितं माश्या मारत बसू?”

दुकानात बसलेला एकजण फसकन हसला. तात्यांना स्वतःची कोटी उशिरा कळली. मग तेही हसले, आणि का कोण जाणे, मीही.

त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर ओढा, रस्ता, कालवा काढला आणि माझ्या हातात पेन दिलं. “कुठं कुठं हायत, खुणा करा.” त्या दिवसापासून खुणेच्या आसपासचा कुणी औषध न्यायला आला की तात्या त्याला पाच वाजल्यानंतर फवारायला सांगतात, आणि लगेच मला फोन करतात. याला ते वर्दी म्हणतात. वर्दी आली की संध्याकाळी माश्या परतल्यावर मी दारं बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी औषध वाळेपर्यंत उघडत नाही.

मग तात्यांच्या ओळखीनं शेळगावचा रोपवाटिकेवाला जोडला गेला. खरबुजाची रोपं कुणी नेली ते त्याला माहीत असतं, म्हणजे महिन्याभरानं पेट्या कुणाला लागतील तेही कळतं. तो मला नावं सांगतो. कुणाचं रान तयार आहे, हे मी हिंडताना बघून त्याला सांगतो. त्याची रोपं नेणाराच टेम्पोवाला परतीला माझ्या पेट्या आणतो. कुणी कुणाचा नोकर नाही, कागद कुठं झालेला नाही. म्हणूनच मला झोप लागत नाही. यातला एकजण उद्या उठून गेला तर?

या हंगामात तेच होणार असं वाटलं. बारामतीत ऑफिस असलेली एक कंपनी पेट्या घेऊन आली. भाडं माझ्यापेक्षा कमी, मेलेली पेटी बदलून देणार, पेटीवर छापील चित्र. त्यांचा सुपरवायझर तात्यांच्या दुकानात अर्धा तास बसला. मी समोर चहाच्या गाड्यावर उभा. तो गेल्यावर आत गेलो, इकडचं तिकडचं बोललो, पण विचारलं नाही. तात्यांनीही सांगितलं नाही. कंपनीचा बोर्ड मात्र काउंटरला टेकवलेला दिसला. चार दिवस मी पेट्या नुसत्या उघडत-झाकत होतो. या वर्षी पुन्हा पेट्या मेल्या असत्या किंवा तात्या त्यांच्याकडं गेले असते, तर मला गावी परतावं लागलं असतं. आई फोनवर एकच विचारायची, “कधी येतलंस?” आणि मला ते बोलावणं वाटायचं नाही, निकाल वाटायचा.

पाचव्या दिवशी सकाळी आठला फोन आला. “आबाच्या भावानं काल पोराला पाठवून औषध नेलं. मी न्हवतो दुकानात. आत्ता ट्रॅक्टरला फवाऱ्याचा ब्लोअर जोडलाय म्हणं.”

याही वर्षी आबांच्या खरबुजात माझ्या पेट्या होत्या. मी धावलो, पण माश्या केव्हाच बाहेर पडल्या होत्या. आता दारं लावून उपयोग नव्हता. बांधावर उभा राहिलो. पलीकडं जावं तर आबा बघत होते, न जावं तर ट्रॅक्टर सुरू होत होता. तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला दुकानाचं शटर ओढून तात्या स्वतः आले होते.

“बंद कर ते,” त्यांनी डाळिंबवाल्याला सांगितलं.

“का? त्याच्या खरबुजापायी मी थांबू व्हय?”

“त्याच्यापायी न्हाय. तुझ्या फुलावर काय बसलंय बघ की.”

त्याच्या लाल फुलांवर माझ्या माश्या होत्या. त्यानं बघितलं, बराच वेळ बघितलं. “आल्यात तर येऊ द्या. पर भाडंबिडं मी देणार न्हाय, आधीच सांगतो.”

“भाडं कोण मागतंय? पाचपतोर चहा पी.”

ब्लोअर बंद झाला. एकही पेटी गेली नाही. आठवड्यानं त्या भावाचा मला फोन आला, पाच पेट्या हव्या होत्या. आबांना कळलं तेव्हा ते करवादले, “माझ्या माश्या त्याच्याकडं कशाला?” पण पेट्या उचला म्हणाले नाहीत.

कंपनीचा बोर्ड तात्यांनी लावलाच. माझं तोंड पडलेलं बघून ते म्हणाले, “अरं लेका, त्यांच्याकडं पेट्या लई, पर हितं बघणारा कोण हाय? त्यांच्याबी खुणा ह्याच कागदावर करून घेतल्यात. त्यांच्या हितल्या साठ पेट्या तू बघणार, असं मी सांगून बसलोय. न्हाय म्हणायचं असंल तर आत्ता म्हण.” मी नाही म्हणालो नाही. आता माझ्या माश्यांबरोबर कंपनीच्याही माश्यांची वर्दी मला येते. उद्या कंपनीवाले मला गिळतील का, ही भीती आहेच. पण तात्या मला पाव्हणं म्हणायचं थांबलेत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्यांच्या उपकाराची फेड कशी करायची, ते कळत नाही. मध दिला तर म्हणतात, शुगर हाय. त्यांचं स्वतःचं दोन एकर रान आहे आणि त्यात ऊस आहे. उसाला माशीची गरज नसते. म्हणून मी मनाशी ठरवलंय, आणि इथं लिहूनही ठेवतो: तात्या, ज्या वर्षी तुम्ही ऊस मोडून त्या रानात फुलणारं काहीही लावाल, त्या वर्षी माझ्या सगळ्यात चांगल्या पेट्या तुमच्या बांधावर असतील. तुमचा फोन यायच्या आधी.