ताई, गुरं माझ्या शेतात सोडा

थोरलीची गुरं धाकटीच्या शेतात शिरली की दोघी जावांचं चांगलंच वाजायचं. वस्तीला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणी मध्ये पडत नसे. म्हणून एका सकाळी धाकटी आपणहून गोठ्यात आली आणि म्हणाली, "ताई, उद्यापासून गुरं माझ्या शेतात सोडा," तेव्हा थोरली धार काढता काढता थांबलीच.

"बरी आहेस ना गं?"

"बरी आहे, म्हणून तर म्हणतेय."

ही गुरं कोंडवाड्यात घालायची युक्ती तर नव्हे, अशी थोरलीला शंका आली. पण फुकटचा चारा कोण सोडतं!

धाकटीचा नवरा ट्रकवर, सदा बाहेर. शेत तिच्याच अंगावर, तेही उताराचं. नांगरलं की दर पावसात माती ओढ्यात जायची. शेवटी तिनं नांगरणीच बंद केली. मक्याची ताटं रानातच पडू दिली आणि त्यांच्यामधून चिरा पाडून बी टाकलं. मक्यानंतर वाटाणा, वाटाण्यानंतर गहू. मधल्या मोकळ्या दिवसांत जमीन उघडी राहू नये म्हणून ओट, मोहरी आणि बरसीमचा घास. विकायला नाही, नुसतं झाकायला! लोक हसले. हसण्यात थोरली सगळ्यात पुढे होती.

आता ते हिरवं रान गुडघ्याला लागलं होतं आणि धाकटीला ते गुरांच्या तोंडी द्यायचं होतं, म्हणजे शेणखतही रानातच पडेल. तिनं हलक्या तारेचं कुंपण घालून एक पट्टा आखला. गुरांनी शेंडे खाल्ले, उरलेलं तुडवलं, शेण टाकलं. दुसऱ्या दिवशी तार पुढे सरकली.

पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. रात्री पाऊस झाला होता, तरी थोरलीनं सवयीनं गुरं आत हाकली. ओली माती खुरांखाली दगडासारखी बसली. पुढे त्या पट्ट्यात पेरलेला मका पिवळा, खुरटा आला. आता ही अंगावर धावून येणार, म्हणून थोरलीनं पदर खोचून तयारीच ठेवली होती.

धाकटीनं मक्याजवळ उकिडवं बसून माती उकरून पाहिली. मग म्हणाली, "ओल्यात सोडू नका, हे मी तुम्हाला सांगायलाच हवं होतं. मलाच कुठे ठाऊक होतं म्हणा."

थोरलीनं खोचलेला पदर सोडला.

तेव्हापासून सकाळी टाच रोवून माती बघायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं. "आज नको गं, चिकट आहे," असं बांधावरून ओरडून सांगायची.

काही वर्षांनी ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. शेजारच्या शेतांतून गढूळ लोंढे वाहिले. धाकटीच्या उतारावरून पाणी निघालं ते थोडं आणि नितळ. थोरलीनं कुजलेली ताटं बाजूला करून बोट खुपसलं, तर ते सहज आत गेलं. खाली काळी, भुसभुशीत माती आणि वळवळणारी गांडुळं.

"काय केलंस गं हे?"

"निम्मं तुमच्या गुरांनी केलंय, ताई."

आता वस्तीतले लोक थोरलीकडे गुरं मागायला येतात. ती म्हणते, "आधी धाकटीकडे जा. ती सांगेल ते पेरा. रान हिरवं झालं की मग माझ्याकडे या."