आज कुठला रंग?

शेवगावहून कुमुदच्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी डाळिंब सोलत बसले होते. "मामी, आई गेली... सकाळी चहा मागितला, आणि कप हातात देईपर्यंत..." मग तोच म्हणाला, "त्याआधी साखर तपासली होती तिनं. मशीनवरचा आकडा बघून म्हणाली, मोरपंखी!" आणि रडता रडता आम्ही दोघंही हसलो. त्या रात्री तुम्ही दोघांनी परदेशातून विचारलंत, आजी, अशा वेळी कुणी हसतं का? महिना झाला त्याला. उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. सुरुवातीपासून आणि क्रमाने, कारण मला दुसऱ्या तऱ्हेने लिहिता येत नाही.

कुमुद माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन नगरच्या घरात आले आणि शाळेत इंग्रजी शिकवू लागले, त्याच सुमारास विसाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. म्हाताऱ्यांचा नव्हे, रोज इन्सुलिन टोचल्याशिवाय न जगू देणारा. घरात फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली मडक्यात, मडकं ओल्या वाळूत. बहात्तरच्या दुष्काळात प्यायच्या पाण्याचे हाल होते, तरी सासूबाई त्या वाळूवर दोन तांबे ओतायच्याच. काचेची सिरिंज उकळायची, बोथटलेली सुई दगडावर घासायची. आणि रोज सकाळी मागच्या अंगणात स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षा. परीक्षानळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, मग उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी होत विटेसारखं लाल झालं, तर भरपूर.

ही व्यवस्था अर्थातच माझ्याकडे आली. मी वही घातली, रकाने आखले आणि शेवटच्या रकान्यात लाल पेन्सिलने शेरे लिहू लागले: गुड, फेअर, पुअर. महिनाभर ओळीने गुड! मी खूश, डॉक्टर खूश, आणि कुमुद मात्र दिवसेंदिवस वाळत चाललेली, रांजण रिकामा करील इतकं पाणी पिणारी. एका सकाळी मी न सांगता अंगणात गेले, तर ही लघवीच्या बाटलीत तांब्यातलं पाणी ओतत होती.

"अगं, हे काय करतेस?"

ती दचकली नाही. म्हणाली, "वहिनी, लाल रंग आला की तुमचा चेहरा बघवत नाही हो. वाटतं, मीच काहीतरी चोरून खाल्लंय. एखादं गुड मिळालं की दिवसभर माणसात असल्यासारखं वाटतं."

मुलांनो, त्याआधी आणि त्यानंतर मी हजारो वह्या तपासल्या. इतकी मोठी चूक मला एकाही वहीत सापडली नाही. त्या दिवशी मी सगळे शेरे खोडरबराने पुसले आणि वही तिच्या हातात दिली. तिने तिचं काय केलं असेल? साड्यांचं दुकान! मोरपंखी, पोपटी, हळदी, विटकरी... "वहिनी, आज विटकरी शालू नेसलेय, दोन युनिट जास्त द्या," असं अंगणातून ओरडायची. मीही ओरडून विचारायचे, "काठ कसले?" शेजारच्यांना वाटायचं, या घरात रोज साडीखरेदी चालते.

मग शेवगावचं स्थळ आलं. शेतकरी घर, मुलगा शिकलेला, मुलाची आई कडक म्हणून प्रसिद्ध. सासूबाई म्हणाल्या, "आत्ता काही बोलायचं नाही. लग्न झालं की हळूहळू सांगू." कुमुद म्हणाली, "मी खोटं बोलून नांदायला जाणार नाही." तिचं कुणी ऐकलं नाही. आणि मी? मी यादी केली! सिरिंजचा डबा बाजरीच्या कणगीत, मडकं न्हाणीत, दिवा माळ्यावर. पाहुणे दुपारी यायचे होते. मुलाची म्हातारी आई मात्र सकाळच्या पहिल्याच एसटीने येऊन, घर कसं आहे ते बघायला थेट मागच्या दाराने आत शिरली. समोर कुमुद, आणि नळी उकळते आहे.

"काय गं पोरी, एवढ्याशा दिव्यावर काय उकळतीस?"

मी स्वयंपाकघराच्या दारातून हातवारे करून सुचवत होते, काढा म्हण, काढा! कुमुदने माझ्याकडे पाहिलं, मग म्हातारीकडे.

"लघवी."

"कुनाची?"

"माझी. मला मधुमेह आहे. रोज सुई घ्यावी लागते, जन्मभर. घरचे सांगणार नव्हते, मी सांगतेय."

म्हातारी पदर खोचून तिच्याशेजारी उकिडवी बसली. "मंग आता काय व्हतंय?"

"रंग बघायचा. मोरपंखी राहिला तर उत्तम. विटकरी झाला तर वाईट."

दोघी श्वास रोखून बघत होत्या, आणि दारात मीही. निळ्यात हिरवं चढलं आणि थांबलं.

"पोपटी!" म्हातारीच आधी ओरडली. "ह्ये बरं का वाईट?"

"मधलं."

"मंग झालं की! आमच्या घरात तरी कोन मोरपंखी हाय? माजा ल्योक बी मधलाच हाय."

तरीही आठ दिवस निरोप आला नाही. सासूबाई कुमुदशी बोलेनात. कुमुद मात्र गाणी म्हणत सुया घासत होती. "नाही म्हणाले तरी चालेल, वहिनी. आता लपायचं संपलं." नवव्या दिवशी होकार आला. साखरपुड्याला म्हातारीने सोनेरी कागदाचा भलामोठा पुडा तिच्या हातात ठेवला. उघडून पाहिला तर भाजलेले शेंगदाणे! सगळे बघतच राहिले. "तू साखर खानार न्हाईस, मंग तुज्या पुड्यात मी ती कशाला भरू? खा, आन् मला बी दे चार." मांडवात पहिल्यांदा सासू-सुना दाणे खाताना आम्ही पाहिल्या.

पुढची पन्नासहून जास्त वर्षं कुमुद कुठेच लपून जगली नाही. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर सुई टोचून घ्यायची आणि बघणाऱ्याला म्हणायची, "तुम्हाला हवी का?" मशीन आलं, आकडे आले, तरी रोज सकाळी सातला तिचा फोन यायचा आणि ती रंगच सांगायची. दोन वर्षांपासून उलट मलाही विचारायची, "वहिनी, आज कुठला?"

होय, मधुमेह मलाही निघाला. तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. तुम्ही काळजी कराल, चॉकलेटं पाठवणं बंद कराल, आणि आपली शिस्तीची आजी नापास झाली असं तुम्हाला वाटेल, म्हणून. पुन्हा डबा कणगीतच लपवला म्हणा ना! कुमुद दर आठवड्याला रागवायची, "नातवंडांना सांगा, नाहीतर मी सांगते."

सकाळी सातला अजूनही हात फोनकडे जातो... आता सातला तुम्ही करत जा. आधी मी विचारेन, जेवलात का. मग तुम्ही विचारा, आज कुठला रंग?

आज पोपटी आहे.